बिराजदारसाहेबांचं अपील

मुलांनो, मागच्या सुट्टीत तुमच्या कॅरमच्या भांडणात मी निकाल दिला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे एक आजोबा तावातावानं वर आले होते, आठवतात? "या निकालावर अपील आहे," म्हणाले. सोंगटी कुठे होती ते दाखवायला चिनू धावली, तर तिलाच अडवलं. "नवा पुरावा चालणार नाही." मग हरलेल्या बाजूनं ते उभ्यानं इतका वेळ बोलले, की मी थकून निकाल फिरवला.

ते बिराजदारसाहेब. राज्य सरकारची अपिलं हायकोर्टात लढवणाऱ्या वकिलांचे प्रमुख होते. निवृत्त होऊन सोलापुरात आले आणि वर्षभरात पत्नी गेली. तोवर रोज सकाळी तिच्या भाकरी थापण्याचा आवाज वर माझ्यापर्यंत यायचा. आता खानावळीचा डबा येतो. झाकण उघडायच्या आधीच आमटीविरुद्ध दोन मुद्दे मांडून होतात.

"सरकारची बाजू नेहमी पटायची का हो तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"पटवून घेणं माझं काम नव्हतं, बाई. मांडणं होतं."

आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात मैंदर्गीची यल्लव्वा चुलीवर भाकरी करून विकायची. त्यावर तिचं घर चालायचं. साहेब रोज सकाळी तिच्याकडे पाठ करून खुर्ची टाकून बसत. भाकरी मात्र कधी घेतली नाही. दातांना झेपत नाही म्हणत.

धुराच्या तक्रारी झाल्या आणि सोसायटीच्या कमिटीनं तिला उठवायचं ठरवलं. तिनं सगळ्या सभासदांपुढे दाद मागितली. साहेब उभे राहिले तेव्हा मला हायसं वाटलं. पण ते बोलले कमिटीच्या बाजूनं. धूर, दम्याचे पेशंट, आगीचा धोका. एक फट ठेवली नाही.

यल्लव्वा त्यांच्याकडे वळली. "सायेब, तुमी बी? रोज हितंच बसता की."

"ते रेकॉर्डवर नाही," साहेब म्हणाले आणि जिंकले.

जिन्यात भेटले तर नमस्कारसुद्धा करायचा नाही, असं ठरवूनच मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून थप थप आवाज आला. उतरून पाहते तर साहेबांचं दार सताड उघडं, आणि त्यांच्या ओट्याशी, त्यांच्या पत्नीच्या परातीत यल्लव्वा भाकरी थापतेय.

"बसा की आक्का," ती म्हणाली. "सायबांनीच बोलावलं. आता रोजच हितं करायचं, म्हणाले. पीठ माजं, ग्यास त्यांचा."

"काल तर तुम्ही…" मी साहेबांकडे वळले.

"काल माझा पक्षकार कमिटी होती. इथं धूर नाही, मुद्दाच उरत नाही."

"पण तुम्ही तर भाकरी खात नाही."

साहेब बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसले होते. हातात पेपर नव्हता. डोळे मिटलेले.

"जरा हळू बोला, बाई," ते म्हणाले. "थापण्याचा आवाज ऐकू येत नाही."