ढोलीत ठेवलेलं गाणं

वाचल्याशिवाय मी बटण दाबत नाही! साठी उलटल्यावर अक्षरं शिकलो, पण पक्की शिकलो. मूल गावच्या बाजारात दुकानांच्या पाट्या मी अजूनही उभा राहून मोठ्यानं वाचतो. म्हणूनच धानाच्या रोवणीच्या बायकांना छाती ठोकून सांगितलं, "शेवटच्या बांधीत कमळाच गाणार. जिम्मेदारी माझी!"

कमळा म्हणजे माझी बायको. दरसाल शेवटच्या बांधीत, शेताच्या शेवटच्या तुकड्यात, गाण्याची पहिली ओळ तिची, मग बाकीच्या उचलायच्या. दिवाळीनंतर ती गेली. यंदाची सगळी रोवणी मुकी झाली. पहिली ओळ घ्यायला कोणी धजेना. गेल्या वर्षी सून साधनानं तिचं गाणं मोबाईलमध्ये भरून ठेवलं होतं. तिचा आवाज म्हणून घरात तेवढाच उरला होता.

साधना चिखलात, हातात धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची पेंढी. कोरड्या हाताचा मी एकटा. ट्रॅक्टरवाल्या प्रफुल्लचा स्पीकर बांधीच्या कडेला धुऱ्यावर मांडला होता आणि मोबाईल साधनानं सकाळीच त्याला जोडून दिला होता.

स्पीकर पाहतो तर एकही अक्षर नाही! नुसती चित्रं! मी अडाणी होतो तेव्हा सगळं जग पाट्यांनी भरलं होतं. मी वाचायला शिकलो, अन् यांनी अक्षरंच पुसली!

"मामाजी, तिकोनी दाबा!" साधना ओरडली.

तेवढ्यात स्पीकर किणकिणायला लागला. मला वाटलं, गाण्याआधीची घंटा असेल. तिकोनी दाबली.

"कुठी आहा तुमी? कांदे आणाले गेले का कांदे पेराले?"

बांधीतल्या साऱ्या बायका ताठ उभ्या राहिल्या.

"नानाभाऊ, हे कमळाबाई नव्हे!" बुधरीबाई म्हणाली.

शेजारच्या शेतातून प्रफुल्ल ट्रॅक्टर सोडून पळत सुटला. "बंद करा भाऊ! माही बायको हाय ते!" त्याचाही मोबाईल त्याच स्पीकरला जोडलेला. त्याच्या बायकोचा फोन मीच उचलला होता! तो बंद होईपर्यंत प्रफुल्लच्या घरची भाजी, सासू आणि उधळेपणा सगळ्या शिवाराला कळला.

मी घाबरलो. या गोंधळात कमळाचं गाणं हरवलं तर? आधी ते नीट ठेवावं, मग बाकीचं पाहू. मोबाईलवर गाण्याच्या खाली एक चित्र दिसलं. बांबूच्या उभ्या कमच्या, वर झाकण. ही तर धान साठवायची ढोली! जपून ठेवायची वस्तू आम्ही दुसरीकडे कुठे ठेवतो? बोट नांगरावर घासून इतकं निबर झालेलं की काचेला ते लाकूडच वाटत असावं. तिसऱ्यांदा दाबल्यावर लागलं. मोबाईलनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. एक शब्द काळा, एक लाल. लाल म्हणजे कुंकवाचा रंग. लाल दाबला.

गाणं गेलं.

"मामाजी, काय दाबलं?"

"ढोलीत ठेवलं."

साधना चिखल तुडवत धुऱ्याशी आली आणि मोबाईलमध्ये डोकावली. "मामाजी, तो कचऱ्याचा डबा होये!"

"कचऱ्याले झाकण कोण लावते?" मी म्हणालो. उकिरड्याला झाकण कधी पाहिलं नव्हतं हो मी. जन्मभर जिचं ऐकलं नाही, तिचं ऐकण्यासारखं जे एक उरलं होतं, ते मीच फेकून दिलं.

साधनानं पाटात हात धुतले, माझ्या दुपट्ट्याला पुसले आणि मोबाईल घेतला. पुष्कळ वेळ बोट फिरवलं.

"हाय, मामाजी! टाकलेलं काही दिवस यातच राह्यते."

"मंग ढोलीच झाली ना!"

"चूप बसा," ती म्हणाली, आणि तिकोनी दाबली.

स्पीकरमधून आधी कमळा खाकरली. मग म्हणाली, "अवो, तुमी दूर व्हा पाहू! तुमचं बोट लागलं का सारंच बंद पडन!"

सगळी बांधी हसली. बुधरीबाईनं हसता हसता चिखलाच्याच हातानं डोळे पुसले. मग कमळानं पहिली ओळ घेतली आणि बायकांनी ती उचलली. पऱ्हे भराभर रोवले जाऊ लागले. मी धुऱ्यावर, सांगितल्याप्रमाणे दूर, हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.

गाणं संपलं. साधनाचे हात पुन्हा चिखलात होते.

आणि स्पीकर पुन्हा किणकिणला.

"भाऊ, उचलू नोका!" प्रफुल्ल लांबूनच ओरडला.

मी हात मागचे पुढे केलेच नाहीत.