राणीची खिडकी

"आजपासून या किल्ल्यावर एकही थाप चालणार नाही!"

टेकडीवरच्या पडक्या किल्ल्याच्या दरवाज्यात उभं राहून थोरलीनं जाहीर केलं. ऐकायला तिकीटखिडकीतले काका आणि तटावरचे कावळे, एवढेच होते.

"अगं, आज मोठे साहेब यायचेत," काका म्हणाले. "तुला बाबांच्या जागी घ्यायचं की भिंतीला माहिती सांगणारं बोलकं यंत्र चिकटवायचं, ते आजच ठरवणार. आजचा दिवस थापा मार, उद्यापासून हो सत्यवादी!"

पण थोरली बधली नाही. बाबांनी जन्मभर हा किल्ला लोकांना दाखवला. त्यांना जाऊन एक ऋतूही पुरता उलटला नव्हता. त्यांची जागा तिला हवी होती, थापा नको होत्या. तट, बुरूज सगळं बाबा झकास सांगायचे, पण वरच्या महालाशी आले की त्यांची गाडी रुळावरून घसरायची. तिथं तटाबाहेर लोंबणारा एक दगडी कोनाडा होता. "ही राणीची खिडकी!" बाबा आवाज खाली आणायचे. "लढाईवर गेलेल्या राजाची वाट बघत ती इथंच बसायची." लोक गहिवरायचे. जोडपी तिथं बसून फोटो काढायची.

थोरलीनं किल्ल्यांवरची पुस्तकं कोळून प्यायली होती. तो कोनाडा म्हणजे शौचकूप होता! बैठकीला मधोमध भोक, खाली थेट दरी. बाबांनी त्यावर दगडी रंगाची फळी बसवली होती, इतकंच. ती फळी तिनं सकाळीच उचकटून काढली. इतिहास उघडा पडला.

साहेब आले, बरोबर त्यांच्या बाईही. थोरलीनं दमदार सुरुवात केली. "दरवाजा वळणाआड आहे, कारण ओंडक्यानं धडक द्यायला शत्रूला धावायला जागाच मिळू नये. बुरूज गोल, कारण कोपरा आधी ढासळतो."

"वा!" साहेब म्हणाले. नोकरी अगदी हातातोंडाशी आली.

महाल दिसताच मात्र साहेब पोरासारखे पुढं धावले. "अगं, हीच ती खिडकी! इथं बसूनच मी तुला मागणी घातली होती!"

"साहेब, थांबा—"

धप्प! साहेब कमरेपर्यंत गडप झाले. गुडघे हनुवटीला टेकले. बरणीत कोंबलेल्या भोपळ्यासारखे दिसू लागले!

"हे… हे भोक कसलं?"

"शौचकूप आहे, साहेब."

"म्हणजे?"

"संडास," मागून धापा टाकत आलेल्या काकांनी खुलासा केला.

बाईंनी तोंडाला पदर लावला. हुंदका की हसू, कळेना.

"खाली काय आहे?" साहेबांचा आवाज चिरकला.

"दरी. थेट."

साहेब घाबरून फुगले आणि आणखी घट्ट बसले. काका आणि बाईंनी एकेक हात धरून ओढलं. साहेब हलेनात. फक्त पँट फाटल्याचा आवाज आला.

"पोरी," काका दात आवळून म्हणाले, "आता तरी खोटं बोल!"

थोरलीनं आवाज खाली आणला, अगदी बाबांसारखा. "त्या संध्याकाळी राणी इथंच बसली होती. दूरवर घोड्याच्या टापा वाजल्या. ती उठून उभी राहिली. घोडा जवळ आला… पण पाठीवर कुणीच नव्हतं."

साहेबांनी खोल सुस्कारा सोडला. पोट आत गेलं. "ओढा!" काका ओरडले आणि बुचासारखे साहेब बाहेर आले.

मग शर्ट पँटबाहेर सोडून मागची बाजू झाकत साहेब म्हणाले, "उद्यापासून कामावर या. फक्त इथं आल्यावर…"

"राणी?"

"राणीच."

बाई मात्र थबकल्या. "पण आमच्या वेळी तर राजा परत आला होता! तुमच्या बाबांनीच सांगितलं होतं."

ते दोघं उतरून गेल्यावरही थोरली कोनाड्याकडं बघत राहिली.

"लग्नाळूंसाठी राजा परत यायचा," काका हळूच म्हणाले. "एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना रिकामा घोडा. माणूस बघून सांगायचा तुझा बाप."

तेवढ्यात पायऱ्यांवरून नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण वर येऊ लागलं. थोरली गडबडली. "काका, भांडणाऱ्यांना काय सांगायचे हो बाबा?"

"त्यांना?" काका म्हणाले. "त्यांना संडास म्हणूनच सांगायचा!"