चौथ्या पाड्यातलं सहावं घर

शेवंताताई माणसांना नावानं ओळखत नसत, दाताच्या नंबरानं ओळखत. चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. शहापुरात माझा दातांचा दवाखाना नवा होता. बाहेरच्या बाकड्यावर सात-आठ पेशंट बसलेले, आणि ताई दारात येऊन ओरडल्या, "सेहेचाळीस कोण हाय? आत या."

किन्हवलीकडचे एक आजोबा हातातल्या कागदावरचा नंबर बघून उठले, ते भांडायलाच.

"बाय, माणसाला दात बत्तीस. त्यातले माझे अकरा गेले. सेहेचाळीस कुठनं काढलेस?"

ताईंनी त्यांना शांतपणे खुर्चीत बसवलं. "बाबा, तोंडाचे चार पाडे. वरचा उजवा पयला, वरचा डावा दुसरा, खालचा डावा तिसरा, खालचा उजवा चौथा. घरं मधल्या दातापासनं मोजायची. चौथ्या पाड्यातलं सहावं घर तुमचं. चार आणि सहा, सेहेचाळीस. त्या घराला कीड लागलीय."

आजोबांना पटलं. कॉलेजात हीच पद्धत शिकायला मला आठवडा लागला होता.

ताई सातवी पास. आधी बालवाडीत होत्या, ती बंद पडली म्हणून माझ्याकडे आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, नऊवारी नेसायच्या आणि वर दवाखान्याचा पांढरा कोट घालायच्या. एसटी स्टँडमागे एका खोलीत राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. आम्ही दिवसभर बोलायचो, पण सगळं मापांबद्दल. दाताचं माप घ्यायला जो गुलाबी लगदा लागतो, तो एक माप पावडर आणि एक माप पाणी असा कालवायचा. ताई पावडर आधी डबा हलवून मोकळी करायच्या, पातीनं वरचा ढीग सपाट करायच्या, आणि "दाबून भरली तर भाकरी कडक होते" असं मलाच बजावायच्या.

लगदा तोंडात घट्ट व्हायला दोन मिनिटं लागत. भिंतीवर घड्याळ होतं. ताईंचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"घड्याळाचा सेल उतरतो. पाढा उतरत नाय."

म्हणून पेशंटच्या तोंडात साचा धरून त्या सतराचा पाढा म्हणत. सहा वेळा म्हटला की दोन मिनिटं. उन्हाळ्यात लगदा लवकर आवळतो, म्हणून पाचच वेळा. मी एकदा हळूच घड्याळ लावून पाहिलं. तीन सेकंदांचा फरक निघाला, आणि तो बहुधा माझाच असावा.

एकदा मुरबाडहून एक निवृत्त गुरुजी कवळीसाठी आले. साचा तोंडात, डोळे मिटलेले, ताईंचा पाढा सुरू. चौथ्या फेरीला ताईंची जीभ घसरली, "सतरा नव्वे एकशे बावन्न." गुरुजींनी डोळे उघडले. घशातून दोन-तीनदा हुंकार दिला. शेवटी राहवेना, तेव्हा साचा ओढून काढला आणि गरजले, "त्रेपन्न!"

माप फुकट गेलं. ताई नवा लगदा कालवत म्हणाल्या, "गुरुजी, तुमाला आता दोनाचा लावते. पण लई वेळा म्हणावा लागंल, कंटाळू नका."

दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावरून एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव जनी. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडलेल्या, एक गाल सुजलेला. आई म्हणाली, नऊ वर्षांची. मी त्या अंदाजानं दोन्ही बाजूंचं मिळून भुलीचं औषध भरलं. ताईंनी सिरिंजचा ट्रे उचलून धरला, पण माझ्याकडे दिला नाही.

"वजन?"

"नऊ वर्षांची आहे ना."

"वय इचारलं नाय. वजन."

आणि जनीचा हात धरून त्या शेजारच्या धान्याच्या दुकानात गेल्या. तिथल्या काट्यावर तिला दोनदा बसवलं. परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"चौदा किलो."

"काटा चुकला असेल."

"काट्यावर पाच किलोचं वजन ठेवून बघितलं. काटा बरोबर हाय." त्यांनी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "चौदा किलोला जास्तीत जास्त सिरिंजवरची तीन मापं. तुमी चार भरलीत डॉक्टर."

मी कागदावर आकडेमोड केली. तीनच आलं. त्या दिवशी मी एकाच बाजूच्या दाढा काढल्या, दुसऱ्या बाजूला पुढच्या सोमवारी बोलावलं. ताईंचे आभार मानायचे राहून गेले.

सोमवारी जनी आली नाही. अकरा वर्षांत एकदाही रजा न घेतलेल्या ताईंनी मंगळवारी रजा घेतली, त्या पाड्यावर गेल्या आणि बुधवारी जनीला सोबत घेऊनच कामावर आल्या. आई-बाप वीटभट्टीवर निघाले होते. त्यांना म्हणे ताई म्हणाल्या, "हिला नेऊ नका. पावसापर्यंत माझ्यापाशी राहू द्या."

त्याच दिवशी उरलेल्या दाढा काढल्या. ताई जनीला आपल्या खोलीवर पोहोचवायला गेल्या आणि गोळ्यांची पुडी टेबलावरच राहिली. मी ती घेऊन पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेलो.

दार उघडंच होतं. जनी पाटावर बसून ताटलीतली गार पेज हळूहळू पीत होती. ताई चुलीपाशी उभ्या राहून पातेल्याच्या झाकणात जेवत होत्या. मला बघून ओशाळल्या.

"बसा म्हणले असते डॉक्टर, पण पाट एकच हाय." मग म्हणाल्या, "ताटलीपण. कधी दुसरी लागलीच नाय."

मी पुडी दिली, गोळी कशी द्यायची ते सांगितलं आणि निघालो. मागून आवाज आला, "सावकाश पी गो. कोण नाय घेत तुझ्या वाटचं."

दुसऱ्या दिवशी ताई वीस मिनिटं उशिरा आल्या. हातात भांड्यांच्या दुकानातली पिशवी होती. ती त्यांनी कपाटामागे ठेवली, कोट चढवला आणि दारात जाऊन पहिल्या पेशंटला हाक मारली.