चारशे अंशांवरचं वांगं

अख्ख्या जळगावात झिंक ऑक्साइडची फिल्म माझ्याइतकी स्वच्छ कुणाला जमत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! काच द्रावणात बुडवायची, वाळवायची आणि भट्टीत चारशे अंशांवर भाजायची. हवा दमट असली की थर दुधाळ होतो, घाईने तापवला की तडे जातात. पीएचडीसाठी पाच वर्षं हेच करतोय हो! लग्नही त्यावरच अडलंय. पुनमच्या बाबांनी बजावलंय, "डॉक्टर व्हा, मग तारीख काढू."

त्या दिवशी पुण्याहून परीक्षक आले. म्हणाले, "दुपारी ताजी फिल्म दाखवा. तिच्यातून आरपार दिसलं तर पास. नाही तर सहा महिने पुन्हा!"

तेवढ्यात आमचे गाईड तनवीर सर माझ्या कानाशी लागले. "दीपक, पाहुण्यांना खानदेशी भरीत खायचंय. बघ काहीतरी."

"काळजीच सोडा, सर!"

प्रयोगशाळेचे शिपाई लोटन आबा बाजारातून नारळाएवढं हिरवं वांगं घेऊन आले. "भाऊ, भाजाले काड्या कोठे शेतस?"

"काड्या कशाला, आबा? फिल्मलाही चारशे, वांग्यालाही चारशे. एकाच भट्टीत दोन्ही!"

"वा भो!" आबांनी मान डोलावली.

काच वर, वांगं खाली. वांगं घाईत जसं होतं तसंच ठेवलं, दार लावलं आणि ऐटीत चहाला गेलो. पहिला घोट घेतो न घेतो तोच धडाम्!

"सिलिंडर फुटलं! पळा!" तनवीर सर ओरडले. साऱ्या विभागाची पळापळ! परीक्षक एकाच बुटावर मैदानात पोचले होते. आमच्याकडे सिलिंडर नाहीच, हे कुणाच्या ध्यानात येईना.

जरा शांत झाल्यावर परीक्षकांनी नाक मुरडलं. "हा वास कसला?"

"द्रावणातलं ॲसिटेट, सर! जळताना येतो कधीकधी." मी ठोकून दिलं.

आबांनी खोल श्वास घेतला. "ॲसिटेट कसानं, भाऊ? हाई तं भरीत शे!"

झालं! भट्टी उघडली. भिंतींना गर, छताला साल. परीक्षकांनी चिमट्याने काच उचलून उन्हात धरली.

"काय दिसतंय यातून?"

"बिया, सर."

"सहा महिन्यांनी भेटू," ते म्हणाले आणि तनवीर सरांकडे वळले. "जेवायला मला पोळी-भाजी चालेल."

संध्याकाळी पुनमचा फोन. "अहो, बाबा विचारताहेत, तारीख काढायची ना?"

"सहा महिने थांबा म्हणावं."

"अगं बाई! फिल्म बिघडली?"

"फिल्म एकदम झकास होती गं!"

"मग नडलं कुठे?"

आता काय सांगणार, कप्पाळ! "वांग्याला टोचे मारायचे राहिले."