सेतुरावाची कट्टै

सेतू कोणाच्याही घरी गेला की चपला काढण्याआधी खांद्यावरच्या पिशवीतून लाकडाचा एक ठोकळा काढतो आणि दारात चाकांवर जे काही उभं असेल त्याच्या चाकाखाली सरकवतो. मग पायाने ठोकून बघतो, "बेस" म्हणतो आणि आत येऊन कॉफी मागतो.

मीरा, रघू, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, ते लाकूडवाले आजोबा अजून तसेच आहेत का?" आहेत, अगदी तसेच. नीट क्रमाने लिहिते. आईकडून वाचून घ्या. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, पण तुमचे कान चांगले आहेत. मी लिहिणार पुस्तकातल्यासारखं मराठी. सेतूचं बोलणं मात्र आपल्या तंजावरचं आहे, ते तसंच ठेवते.

सेतू म्हणजे सेतुराव, माझा धाकटा चुलतभाऊ. वीज कचेरीत नोकरी केली, निवृत्त झाला. बायको फार लवकर गेली. एकुलती एक मुलगी, तुमची इंदूमावशी, त्यानेच वाढवली. वेणी घालायला तो माझ्याकडून शिकला आणि पहिल्या दिवशी इतकी घट्ट घातली की पोरीच्या भुवया वर चढल्या. शाळेत बाई तिला विचारत राहिल्या, "अग, एवढं आश्चर्य कशाचं वाटतंय?"

आता ठोकळ्याचं. चित्रै महिन्यात, एप्रिलच्या सुमारास, आपल्या मेल वीथीतून, म्हणजे पश्चिमेच्या रस्त्यावरून, मोठ्या देवळाचा रथ जातो, तो तुम्ही लहानपणी माझ्या कडेवरून पाहिला आहे. चाकं माणसाहून उंच. त्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. शेकडो माणसं पुढे दोर ओढतात. आणि चाकांच्या बाजूने काही मोजकी माणसं लाकडी ठोकळे घेऊन वाकून चालतात. रथ वळवायचा किंवा थांबवायचा असला की ती चाकाखाली ठोकळा टाकतात, आणि तो डोंगराएवढा रथ कण्हत, करकरत जागच्या जागी उभा राहतो. त्या ठोकळ्याला तमिळमध्ये मुट्टुकट्टै म्हणतात. आपल्या घरात नुसतं कट्टै. तरुणपणी तिरुवैयारुला आजोळी सेतूने हे काम काही वर्षं केलं. पुढे गुडघे गेले. रथ सुटला, कट्टै सुटली नाही.

त्यामुळे काय काय झालं म्हणून सांगू! रिक्षावाला भाडं घेऊन निघायला बघतो, रिक्षा बेडकासारखी उडी मारते आणि तिथेच बसते. "सार!" तो ओरडतो. सेतू शांतपणे जाऊन कट्टै काढतो. "तू खाली उतरून चिल्लर शोधत होतास कीं. उतार अहे इथे." उतार कुठेच नसतो. आपल्या तंजावरात उतार शोधायला भिंग लागेल.

माझ्या भाच्याच्या लग्नात नवऱ्या मुलाची वरात उघड्या गाडीतून निघायची होती. ड्रायव्हर कॉफीला गेला, तेवढ्यात सेतूने आपलं काम केलं. ड्रायव्हर आला, गाडी सुरू झाली, जोरात हिसका बसला आणि नवरदेवाची पगडी उडून नादस्वरवाल्याच्या मांडीवर पडली. वधूची आई म्हणाली, "अपशकुन!" सेतू म्हणाला, "अपशकुन कसला? गाडी पुढे गेली नाही, हाच शकुन."

हर्नियाच्या ऑपरेशनला नेलं तेव्हा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्याने नर्सला पिशवी मागितली. डॉक्टर म्हणाले, "सार, या स्ट्रेचरला ब्रेक आहे." त्यावर सेतूने आपलं ठरलेलं वाक्य ऐकवलं, "ब्रेक अहे म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, कट्टै कोणाच्या हातात अहे?" डॉक्टरांनी भूल जरा लवकर दिली असावी.

माझी चाकाची सूटकेस, चहाची ढकलगाडी, शेजारच्या बाळाची बाबागाडी, काही सुटलं नाही. फक्त एकदा मी त्याला गाडीपुढे नुसतं उभं पाहिलं आहे. इंदू पहिल्यांदा परदेशी निघाली, तिरुचीच्या विमानतळावर न्यायला टॅक्सी आली, त्या सकाळी. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्याने आपणहून विचारलं, "सार, कट्टै?" सेतूने ती काखेत धरली होती. "नको," म्हणाला, "उशीर होईल तिला."

आता तुमच्या त्या व्हिडिओकडे येते. बिनड्रायव्हरच्या टॅक्सीत तुम्ही दोघं मागे बसून खिदळताय आणि पुढचं स्टिअरिंग आपोआप फिरतंय, तो. मी तो टॅबवर सेतूला दाखवला. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"अक्का, ड्रायव्हर कुठे गेला?"

"ड्रायव्हरच नाही. गाडी आपली आपण चालते."

"बेस. आणि कट्टै कोणाच्या हातात अहे?"

मी त्या गाड्यांच्या बाजूची आहे, हे तुम्हाला सांगून ठेवते. आमचा कारवाला गाडी चालवता चालवता फोनवर मेहुणीचं लग्न जुळवतो. यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही, त्याला मेहुणी नाही. हे सगळं मी सेतूला सांगितलं. वर म्हटलं, "कंपनीला आपलं नाव सांभाळायचं असतं. अपघात झाले तर गाड्या कोण घेईल? नफा हवा म्हणूनच ते काळजी घेणार."

"अक्का, मी त्यांना वाईट म्हणालो काय? रथ ओढतात ते सगळे भक्तच. चोर कोण अहे त्यांत? पण ओढणाऱ्याची पाठ चाकाकडे असते. त्याला पुढचं दिसतं, देऊळ दिसतं, कधी पोहोचतो असं होतं. चाकाखाली काय अहे ते त्याला दिसायचंच नाही. म्हणून चाकाजवळ वेगळा माणूस लागतो. आणि तो ओरडला की दोर सोडायचा. कोणी कां, कशाला विचारायचं नाही. कंपनींत असा माणूस अहे काय, एवढंच विचारतो मी."

"असेल की."

"अहे," सेतू म्हणाला आणि कपातली उरलेली कॉफी एकदम पिऊन टाकली. "इंदू अहे."

मला ठाऊक नव्हतं. इंदू गाड्यांच्या कंपनीत आहे एवढंच माहीत होतं. बिनड्रायव्हरच्या गाड्या रस्त्यावर सोडायच्या आधी त्या तपासून सही करायचं काम तिचं, हे त्या दिवशी कळलं. ही तुमच्या व्हिडिओतली कंपनी नव्हे, दुसरी, तिची गाडी अजून निघायची आहे. सेतूने ही गोष्ट गावात कोणालाच सांगितली नव्हती. मी कारण विचारलं तर म्हणाला, "दृष्ट लागते."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला, इंदूचा माझ्या टॅबवर फोन आला. सेतूचा फोन जुना, त्यावर चेहरा दिसत नाही, म्हणून बापलेकीची भेट माझ्याच जेवणाच्या टेबलावर होते. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "बस आत्या, तूही ऐक."

चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "अप्पा, आमची गाडी उभा माणूस ओळखते. चालणारा ओळखते, सायकलवाला ओळखते. पण रस्त्यात कोणी वाकून काही उचलत असेल तर कधी कधी तिला तो माणूस वाटतच नाही. आम्ही बाहुली वाकवून ठेवतो आणि बघतो. बहुतेक वेळा थांबते. पण प्रत्येक वेळी नाही."

"मग?"

"मग काय? दुसरी कंपनी पुढे जाईल म्हणून सगळे घाबरलेत. म्हणतात, गाड्या निघू देत, मागून दुरुस्त करू. वाईट नाहीत ते अप्पा, माझ्याबरोबर जेवतात रोज. मी सही केली तर पुढच्या महिन्यात गाड्या रस्त्यावर येतील. नाही केली तर मला काढतील. इथलं घर, व्हिसा, सगळं त्या नोकरीवर आहे. काय करू?"

मी सेतूकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या प्रश्नाची तो वाट बघत होता तोच समोर आला होता. मला वाटलं, आता याच्या बोलण्याचा रथ निघणार, गावाच्या चारही वीथ्या फिरून आल्याशिवाय हा थांबत नाही.

सेतू म्हणाला, "जेवलीस काय?"

"अप्पा!"

"नाही, तोंड बारीक दिसतंय म्हणून विचारलं." मग त्याने टेबलावरचं पाण्याचं भांडं बाजूला सारलं. "वाकलेला माणूस दिसत नाही म्हणतेस?"

"हो. आणि ती बाहुली वाकवली ना अप्पा," इंदू म्हणाली, "की मला दरवेळी तुम्हीच दिसता. रिक्षाच्या चाकाजवळ वाकलेले."

सेतूने चष्मा काढला, नुसताच धरून ठेवला.

"इंदू, ऐक. तिरुवैयारुला मला चाकाजवळ पहिल्यांदा उभं केलं तेव्हा काय शिकवलं ठाऊक अहे? कट्टै टाकायला नव्हे. ती कोणीही टाकतो. हात काढायला शिकवलं. कट्टै टाकली कीं लगेच हात काढून घ्यायचा. रथ थांबला कीं नाही ते बघत तिथे हात ठेवणारा बोटं घालवून बसतो. तुझ्याकडे कट्टै अहे, तू टाक. सही करू नको. लेखी सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, आणि हात काढ. पुढे भांडत बसू नको. नोकरी गेली तर जाऊ दे. घर इथे अहे. मी अहे."

"आणि कंपनीने तरीही गाड्या सोडल्या तर?"

"तर ते दोर ओढणाऱ्यांचं पाप. तुझी बोटं मला पाहिजेत."

फोन बंद झाला. मी दुसरी कॉफी केली. तिच्यात साखर घालायची राहिली होती, तरी तो "बेस" म्हणाला. जाताना कट्टै माझ्या ढकलगाडीखाली तशीच विसरून गेला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

इंदूने सही केली नाही. तिचं लेखी म्हणणं वाचून त्याच तपासणीवरच्या आणखी दोघांनीही सही करायला हात आखडला आणि कंपनीला तारीख पुढे ढकलावी लागली. माणसांच्या जिवासाठी ढकलली की बदनामीच्या भीतीने, ते मला सांगता येणार नाही. मी सेतूला विचारलं. तो म्हणाला, "दोर सोडला कीं नाही? मग कां, कशाला विचारायचं नाही." इंदूची नोकरी टिकली, ते तपासणीचं काम मात्र काढून घेतलं आणि दुसऱ्या कामावर बसवलं. ती म्हणते, गाडी आता वाकलेला माणूस पुष्कळ चांगला ओळखते. माझा अजूनही त्या गाड्यांवर विश्वास आहे. चाकाजवळ कोणीतरी चालत असेल तर, एवढंच आता त्यात वाढलं आहे. तुम्ही खुशाल बसा त्यात, पण पट्टा लावा.

आता शेवटचं. इंदू मागच्या आठवड्यात सुटी घेऊन आली. सेतू सकाळपासून माझ्या ओट्यावर बसून होता, कारण माझं घर कोपऱ्यावर आहे आणि तिरुचीची टॅक्सी आधी इथून दिसते. टॅक्सी वळली, थांबली. इंदूने दार उघडून एक पाय खाली ठेवला असेल नसेल, तोवर सेतू गुडघे धरत खाली वाकला होता. पिशवीतून नेहमीची कट्टै निघाली, पुढच्या चाकाखाली गेली. मग आणखी एक निघाली, नवी कोरी, अजून ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास येत असलेली. ती मागच्या चाकाखाली गेली.

ड्रायव्हर तोच, इंदूला पहिल्यांदा न्यायला आलेला. त्याने डोकं बाहेर काढून पाहिलं आणि इंजिन बंद केलं. "सार, मला जायचं आहे," तो तमिळमध्ये म्हणाला, पण तसं नुसतं म्हणायचं म्हणून.

"जाशील रे, कॉफी घेऊन जा," सेतू खालूनच म्हणाला. तो अजून वाकलेलाच होता, दोन्ही ठोकळे पुन्हा पुन्हा ठोकत. इंदू त्याच्याशेजारी रस्त्यावरच बसली होती आणि म्हणत होती, "पुरे अप्पा, थांबली गाडी."