काटा न हलल्याबद्दल

शिवणवाल्या ताईंचे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड आणि तिथून पुढे अगदी सडपातळ होते. या आजाराला लिपेडेमा म्हणतात, हे डॉक्टरीणबाईंनी शोधून काढेपर्यंत अकरा वर्षं नणंद त्याला 'खाणं' म्हणत होती. नुसतं बोट लागलं तरी ठणका, टेबलाची कड लागली की निळा डाग. उपास करून करून गाल बसले, कंबर आत गेली. पाय मात्र घरजावयासारखे ठाण मांडून.

मग इस्पितळाच्या तलावात आठवड्यातून तीनदा पाण्यातला व्यायाम सुरू झाला. सहा आठवड्यांत ताई दोन जिने न थांबता चढल्या, आणि दिवसभर मशीनचं पायडल मारूनही पायांखाली उशी लागेना. ही सुधारणा नोंदवायला त्या इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर गेल्या, तिथेच घात झाला.

"वजन किती घटलं?" कारकुनाने विचारलं.

"वजन तेवढंच आहे. पण भाऊसाहेब, दुखणं निम्म्यावर आलंय."

"दुखण्याला रकाना नाही."

"अहो, दोन जिने चढते मी!"

"जिने बांधकाम खात्याकडे. आमच्याकडे फक्त काटा. काटा हलला नाही, म्हणजे व्यायाम झाला नाही."

"व्यायामबाई समोर उभ्या असतात की!"

"त्या व्यायाम घेतात. तो तुमच्यात उतरला की काठावरूनच परत गेला, हे कोण बघतं?"

प्रश्न रास्त असल्याने कारकुनाचीच निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. काठावरून पाण्याखालचे पाय दिसेनात, म्हणून त्याला आत उतरण्याचा हुकूम निघाला. तलाव फक्त लिपेडेमाच्या महिलांसाठी होता. तेव्हा त्याची नोंद 'महिला (तात्पुरती)' अशी करण्यात आली. पाण्यात नुसतं उभं राहणं हा कामचुकारपणा ठरला असता, म्हणून तोही ताईंच्या शेजारी गुडघे उचलू लागला.

"पाठ सरळ, भाऊसाहेब!" व्यायामबाई ओरडायच्या.

"ताई म्हणा," तो धापा टाकत दुरुस्ती करायचा, "नोंदीप्रमाणे."

दीड महिन्यात कारकून सात किलोंनी उतरला. अहवाल आला: दोन महिलांपैकी एकीला उत्तम गुण, दुसरीचा असहकार. असहकारी महिलेची तलावातली जागा रद्द करून ती होतकरू महिलेला कायमची द्यावी.

ताईंनी अपील केलं. समितीचे अध्यक्ष कनवाळू होते.

"कमी झालेलं दुखणं अर्जासोबत जोडा. दोन प्रतींत."

"कमी झालं म्हणजे ते गेलं, साहेब. गेलेलं कुठून आणू?"

"मग होतं कशावरून? थांबा थोडे दिवस. आलं की घेऊन या."

तलाव सुटला आणि तीन आठवड्यांत दुखणं हजर झालं. एकेका पायरीवर टेकत ताईंनी ते दुसऱ्या मजल्यावर नेऊन सादर केलं. समितीने त्याची आस्थेने पाहणी केली आणि एकच शंका काढली: हे आजाराचं कशावरून? खाण्याचं असलं तर? नणंदेचा जबाब फायलीत आधीच होता. तिने तो न मागता दिला होता.

अखेर तिऱ्हाइतांचं मत घ्यायचं ठरलं. ताईंची हकीकत छापून लोकांना वाचायला द्यायची. वाचताना एकानेही मनात 'पण जरा कमी खाल्लं असतं तर?' असं म्हटलं नाही, तर जागा परत.

"लोकांच्या मनातलं तुम्हाला कसं कळणार?" ताईंनी विचारलं.

"आम्हाला कशाला? ज्याचं त्याला कळतं की," अध्यक्ष म्हणाले.

तीच ही हकीकत. ताई बाहेर बाकावर बसल्या आहेत, पोहण्याचा पोशाख पिशवीत तयार आहे. आता घाईघाईने 'छे, मी कुठे!' म्हणू नका. पहिल्याच परिच्छेदात तुमचं म्हणून झालंय. जागा होतकरू महिलेकडेच राहील.