कॉम्प्युटरला ताप

सोमवारी दुपारी कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, तेव्हा सिस्टरांच्या समोर तीन माणसं जखमी होऊन पडली होती. त्यांतल्या एकाला पट्टी बांधायला त्या नुकत्याच खाली वाकल्या होत्या. पडदा काळा झाला. हेडफोनमधून कॅप्टनचा "सिस्टर, लवकर..." एवढाच आवाज आला आणि तोही मध्येच तुटला.

अडतीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांनी एकदाही पेशंटला टाकून वॉर्ड सोडला नव्हता. निवृत्तीनंतर, नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलाच्या कॉम्प्युटरवर त्यांना हा खेळ सापडला. चौघांनी मिळून लढायचं. तिघांनी गोळ्या घालायच्या आणि एकाने जखमींना उठवायचं. सिस्टरांनी उठवायचं काम घेतलं. दुसरं कुठलं घेणार? त्यांची कॅप्टन म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी शहरातली दातांची डॉक्टरीण. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण ती म्हणायची, "सिस्टर मागे असल्या की मरायची भीती वाटत नाही." घरातलं कुणी त्यांच्याबद्दल असं काही बोलल्याला बरीच वर्षं झाली होती.

पाच मिनिटांत कॅप्टनचा फोन आला. "सिस्टर, रागावू नका, पण हे चौथ्यांदा झालं. रविवारी चारला स्पर्धा आहे. बाकीचे दोघं म्हणतायत, ऐन वेळी परत असं झालं तर काय? दुसरं कुणी बघू."

"होणार नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी कॉम्प्युटरच्या खोक्यावर हात ठेवला. हात चटकन मागे आला. "अहो, याला ताप आहे."

हे वाक्य त्या स्वतःशी बोलल्या असत्या तर पुढचं काही झालं नसतं. पण बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान, फोरमन, बसले होते. बत्तीस वर्षं वर्कशॉप चालवलेला माणूस घरी बसला की घरातल्या वस्तूंना वाईट दिवस येतात. मिक्सर त्यांनी दुरुस्त केला होता. तो आता एकाच वेगाने फिरायचा. दारावरची घंटा दुरुस्त केली होती. ती बाथरूमचा दिवा लावला की वाजायची.

"मशीनला ताप?" फोरमन हसत आत आले. "अगं, माणसांचा ताप मोजलास तू जन्मभर. मशीन म्हणजे मशीन. लूज कॉन्टॅक्ट आहे."

"दर वेळी वीस मिनिटांनीच बंद पडतो. तोवर खोकं तापतं. मी बघितलंय."

"तू खेळ. बाकी माझ्यावर सोड."

त्यांनी प्लग बदलायचा म्हणून कॉम्प्युटर उचलला आणि कपाट आणि भिंत यांच्या फटीत नेऊन ठेवला, कारण चांगला सॉकेट तिथे होता. आता कॉम्प्युटर बारा मिनिटांत बंद पडू लागला.

"बघ, फरक पडला," फोरमन म्हणाले.

मंगळवारी त्यांनी दोष खेळाला दिला आणि खेळ काढून टाकला. तो पुन्हा भरायला दिवस गेला. बुधवारी त्यांना व्हायरसचा संशय आला. इंटरनेटवरून कुठलंसं फुकटचं औषध त्यांनी आणलं, त्याने पडद्यावर तेरा जाहिराती लावल्या, आणि त्या जाहिराती काही केल्या जाईनात म्हणून फोरमननी सगळाच कॉम्प्युटर पुसून कोरा केला. हे सिस्टरांना संध्याकाळी कळलं.

"आणि माझे फोटो?"

"कसले फोटो?"

"निरोप समारंभाचे. वॉर्डातल्या सगळ्यांबरोबरचे. त्यातच होते."

फोरमननी क्षणभर विचार केला. "असतील कुणाकडे तरी. आणि तुला चेहरे-बिहरे लक्षात असतीलच की."

त्या समारंभाला फोरमन आले नव्हते. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कसलं तरी इन्स्पेक्शन होतं.

गुरुवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून शस्त्रक्रिया झाली. स्क्रू आमटीच्या वाटीत, वायरी ताटात. फोरमन घामाघूम होऊन एकेक भाग काढत होते, फुंकत होते, परत बसवत होते. सिस्टर हात बांधून उभ्या होत्या. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. सर्जनच्या हातून काय चुकतंय ते दिसत असायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नसायचं.

"ती हिरवी पट्टी नीट बसली नाहीये," शेवटी न राहवून त्या म्हणाल्या.

"बसलीये."

झाकण लागलं. वाटीत दोन स्क्रू उरले.

"हे?"

"कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात."

बटण दाबलं. काहीच झालं नाही. आधी कॉम्प्युटर निदान चालून बंद पडायचा. आता पडायलासुद्धा तयार नव्हता. फोरमननी मग निदान केलं, "जुनाच झाला होता तो."

शनिवारी सकाळी फोरमन फिरायला गेले, त्या तासाभरात सिस्टरांनी दुकानात फोन करून मेकॅनिक बोलावला. मेकॅनिक पन्नाशीचा, दोरीला चष्मा बांधलेला, कमी बोलणारा गृहस्थ होता. त्याने कॉम्प्युटर फटीतून ओढून काढला, उघडला, ती नीट न बसलेली पट्टी अंगठ्याने दाबली. टक्कन आवाज झाला. मग त्याने आतल्या पंख्यातून बोटभर जाडीचा, लोकरीसारखा घट्ट धुळीचा नमदा ओढून काढला आणि वर धरला. तेवढ्यात फोरमन परतले.

"हा पंखा गच्च झालेला," मेकॅनिक त्यांच्याकडे बघून म्हणाला. घरात पुरुष आला की माणसं आपोआप त्याच्याकडे बघून बोलतात. "काम वाढलं की तापायचा आणि बंद पडायचा. त्यातून भिंतीला चिकटवून ठेवलेला. याला ताप येत होता, साहेब."

"मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय!" फोरमन म्हणाले.

"मशीनची जाण असणाऱ्याला बरोबर कळतं," मेकॅनिक म्हणाला.

सिस्टरांनी नमदा उचलून केराच्या डब्यात टाकला आणि डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

रविवारी सव्वातीनला त्यांनी कॉम्प्युटर लावला, आदल्या दिवशी पुन्हा भरलेला खेळ उघडला, टोळीत नाव लावलं आणि चार वाजायच्या आत तोंड धुऊन यावं म्हणून त्या उठल्या. परत आल्या तर खुर्चीत फोरमन. डोक्यावर हेडफोन.

"अहो, उठा. माझी स्पर्धा आहे."

"पाऊण तास आहे अजून. फायनल टेस्टिंग नको? तुझ्यासाठीच करतोय. ऐन वेळी बंद पडला म्हणजे?"

सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. आधी आतून नुसता माऊसचा आवाज येत होता. मग फोरमनचा आवाज आला, "डावीकडे घे! डावीकडे!" मग, "तुला कुणी ठेवलं रे कामावर?" आणि नंतर वर्कशॉपच्या त्या शिव्या सुरू झाल्या, ज्या बत्तीस वर्षं घणाच्या आवाजातही ऐकू जाव्यात म्हणून कमावलेल्या होत्या. खालच्या मजल्यावरची खिडकी बंद झाल्याचं सिस्टरांनी ऐकलं. त्या धावत आत गेल्या.

आवाज थांबला होता. पडद्यावर सिस्टरांचं नाव होतं आणि त्याखाली लाल चौकट: गलिच्छ भाषेबद्दल हे खातं तीस दिवसांसाठी बंद करण्यात येत आहे.

फोरमननी हेडफोन काढला. चेहरा आनंदाने फुलला होता. "पस्तीस मिनिटं! पस्तीस मिनिटं झाली, एकदा तरी बंद पडला? सांग ना, पडला?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

फोन वाजला. कॅप्टन होती. मागे तिच्या कॉम्प्युटरवरून टोळीतलं कुणीतरी हुंदके देताना ऐकू येत होतं. "सिस्टर, आम्हाला आता ऐन वेळी दुसरं माणूस घ्यावं लागतंय. पण तुमच्या जागेवर तो कोण बोलत होता?"

सिस्टरांनी खुर्चीकडे पाहिलं. फोरमन आता खोक्यावर हात ठेवून समाधानाने मान डोलावत होते.

"मेकॅनिक आहे," त्या म्हणाल्या. "काम झालं, तरी जात नाहीये."